थापाड्या धर्माचं बेट

मढच्या कोळीवाड्यात धर्माला थापाड्या म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. लग्न ठरताना मुलगी बघायला आला, तेव्हाच त्याने आपल्या डोलीच्या जाळ्यात एकदा देवमासा शिरला होता आणि आपण तो हाताने बाहेर ढकलला, असं भावी सासऱ्यांना सांगितलं होतं. सगुणा दाराआड उभी होती. तीही कोळ्याचीच पोर, डोलीचं जाळं केवढं असतं हे तिला ठाऊक होतं. तिला हसू आवरेना. तिथेच तिने होकार दिला, असं ती पुढे सांगे. माणूस खोटं बोलतो, पण कुणाला फसवायला नाही. कालवणात चिंच घालावी तशी बोलण्यात थाप घालतो, एवढाच तिचा हिशेब होता. लग्नानंतरच्या वीस वर्षांत तो चुकला नाही. निदान त्र्याऐंशी सालापर्यंत तरी नाही.

धर्मा खलाशी होता, मालवाहू जहाजांवर. वर्ष-दीड वर्ष बाहेर, चार महिने घरी. सगुणा बोरीवलीच्या मार्केटात मासळी विकायची. मूलबाळ नव्हतं. घरात दोनच माणसं आणि त्यातलंही एक सदा दर्यावर, त्यामुळे तिचं सगळं बोलणं बाजारात शेजारी बसणाऱ्या कमळशी. कमळ तिच्याच गल्लीतली, विधवा, जिभेला हाड नसलेली. पण सगुणाची पाटी उचलायला आधी हात लावायची ती तीच.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये जपानच्या एका बंदरात वायरचा दोर सुटून धर्माच्या उजव्या हातावर बसला. हाड दोन ठिकाणी मोडलं. जहाज काही एका खलाशासाठी थांबत नाही. ते पुढे गेलं आणि कंपनीच्या एजंटाने धर्माला इस्पितळातून काढून जवळच्या मुनाकाता नावाच्या शहरात, एका म्हाताऱ्या मच्छीमाराच्या खानावळीत नेऊन ठेवलं. हात बरा होईल, कागद होतील, मग पाठवू, असं ठरलं. त्या कागदांना ऑक्टोबर उजाडला. सात महिने. तोवर सगुणाला दोन पत्रं आली, दोन्ही बंदरात भेटलेल्या कुणा दुसऱ्या खलाशाने लिहून दिलेली, दोन्हींत मजकूर एकच : मी बरा आहे, काळजी करू नये.

धर्मा परत आला तो वाकडा हात आणि मुनाकाताच्या शंभर गोष्टी घेऊन. उजव्या हाताची मूठ पुरती वळत नव्हती. कंपनीच्या डॉक्टरने दर्यावर जायला नालायक असा शेरा मारला आणि प्रकरण मिटवलं. मग काय, संध्याकाळी अंगणात माणसं जमायची आणि धर्माचं जपान सुरू व्हायचं. गंमत अशी, की लोकांनी त्याच्या थापा मानल्या आणि खऱ्या गोष्टी उडवून लावल्या. माणसाएवढा माकूळ मासा रात्री दार उघडून घरात येतो, हे सगळ्यांनी ऐकून घेतलं. पण तिथल्या धक्क्यावर मासळीचा लिलाव होताना बायामाणसं गळा फाडून ओरडत नाहीत, नुसती बोटं दाखवून माल उचलतात, हे सांगितल्यावर बायका उठून गेल्या. आठ-आठ माणसं कढत पाण्याच्या एकाच हौदात गळ्यापर्यंत बसतात, हेही कुणाला पटलं नाही.

देवीचं मात्र सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मुनाकाताची देवी दर्याची. त्या तिघी बहिणी. एक गावातल्या मोठ्या देवळात, दुसरी किनाऱ्यासमोरच्या बेटावर, तिसरी पार खोल दर्यात, जिथून जमीन क्वचितच दिसते अशा बेटावर. हजार-दीड हजार वर्षं झाली, त्या वाटेने जाणारी गलबतं तिघींना हात जोडल्याशिवाय पुढे जात नसत. सालातून एकदा शेकडो होड्या बावटे लावून निघतात आणि बहिणींची भेट घडवून आणतात. आता तर माणसं नव्या मोटारीही देवळापुढे आणून उभ्या करतात, पुजारी मोटारीला आशीर्वाद देतो. "आपला दोनशे एकाहत्तर बसचा ड्रायव्हर नेऊन दाखव तिकरं," असं कमळ म्हणाली तेव्हा अंगण हसलं.

आणि मग धर्मा त्या तिसऱ्या बेटाशी आला.

"वर्साला एकच दिस माणसांना जाऊ देतान तिकरं. तेपन मोजक्या," तो म्हणाला. "बायकांना तर नायच. म्हाताऱ्याचा पोरगा तापान पडला व्हता. होडीव माणूस कमती, एका हाताचापन चालनार व्हता. म्हाताऱ्यान देवलान जाऊन विचारला, ह्यो परदेशी हाय, पन आपल्यासारखाच दर्याचा हाय, नेऊ का? ते हाव बोलले. पहाटं निघालो. पोचल्याव आंगावची कापडं काढली, समद्यांनी. उघडं दर्यात उतरलो. मे महिना, पन पानी बरफ. गळ्याइतक्या पान्यात उभं राहून हात जोडले, आनि वर चढलो."

"मंग?" चार-पाच जणांनी एकदम विचारलं.

"मंग काय? सांजला परत आलो."

"वर काय हाय?"

"ते सांगाचा नाय. तिकरचा खडा उचलाचा नाय, पान तोडाचा नाय, आनि बघला ते बोलाचा नाय. नियम हाय."

माणसं वाट बघत राहिली. धर्मा नेहमी अशीच हूल देई आणि मग दुप्पट जोराने सुरू होई. पण तो उठला, बिडी पेटवली आणि आत गेला. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, उद्यासाठी राखून ठेवलंय. आठ दिवसांनी वाटलं, भाव खातोय. महिन्याने कुणी विचारेनासं झालं. सगुणा मात्र विचारत राहिली.

ती नवऱ्याला अरे-तुरे करी, सरळ विचारी. "तिसरी बहीन बाईच ना?"

"हाव."

"मंग बाईच्या घरान बाईला बंदी कनाला?"

"मी नाय विचारला."

"आनि बघलास काय?"

की धर्माच्या तोंडाला कुलूप. उरलेल्या सहा महिने तीस दिवसांबद्दल विचारा, रात्रभर बोलेल. त्या एका दिवसाबद्दल हूं नाही की चूं नाही. सगुणाला आधी राग आला, मग वाईट वाटलं, आणि मग भीती वाटू लागली. खलाशाच्या बायकोला एक भीती पाचवीला पुजलेली असते. ती वीस वर्षं तिने हसण्यावारी नेली होती. कमळने त्या भीतीला नाव दिलं. "सात महिने माणूस खानावळीत राहतो. जेवण कोन घालत व्हता त्याला? म्हातारा? आनि जिकरं बायकांना बंदी हाय तिकरचीच गोष्ट बरी लपवाची वाटते ह्याला. बेट-बिट काय नाय गो. त्या दिवशी ह्यो कुठं गेला व्हता ते बघ."

त्यात ती पिशवी. धर्माने मुनाकाताच्या मोठ्या देवळातून सगुणासाठी रेशमाची बोटभर पिशवी आणली होती. लाल, वर सोनेरी दोऱ्याची नक्षी, तोंड दोरीने घट्ट आवळलेलं. देवीचा प्रसाद आहे, जवळ ठेव, फक्त उघडू नको, असं त्याने बजावलं होतं. कमळचं बोलणं ऐकून आल्यावर दोन दिवस सगुणा त्या पिशवीकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी धर्मा जाळं विणायला किनाऱ्यावर गेला असताना तिने सुरीच्या टोकाने एका बाजूची शिवण उसवली. आत घडी घातलेला पांढरा कागद होता. कागदावर काळ्या शाईची उभी अक्षरं. सगुणाला मराठी जेमतेम वाचता येई, हे कुठून येणार. पण कुणी कुणाला उघडू नको म्हणून बंद करून दिलेलं लिहिणं म्हणजे काय, ते समजायला तिला शाळेची गरज वाटली नाही. देवाच्या नावावर खपवलेली चिठ्ठी, असं तिने ठरवून टाकलं. चुकीचं ठरवलं, कागदावर देवीचंच नाव होतं, पण असं ठरवायला तिला जागा होती. कागद तिने परत आत सारला आणि उसवलेली पिशवी पेटीत, लुगड्यांच्या तळाशी टाकली. धर्माला ती बोलली नाही. आता एका घरात न बोलण्याच्या गोष्टी दोन झाल्या.

तीन वर्षं अशी गेली. भांडण नाही, मारामारी नाही. धर्मा डाव्या हाताने जाळी दुरुस्त करी, भात लावी, पहाटे सगुणाची पाटी बसथांब्यापर्यंत आणून देई. सगुणा जेवायला वाढी, पण पूर्वीसारखी समोर बसत नसे. त्याच्या थापांना हसत नसे. हे त्याला कळत होतं का? कळत असावं. मधल्या एका वर्षात तो बराच कमी बोलू लागला होता.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर सगुणाची मान धरली. हाताला मुंग्या येऊ लागल्या. मालाडच्या डॉक्टरने मानेची शीर दबली आहे म्हणून सांगितलं आणि डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, नाहीतर हात जाईल, अशी भीती घातली. पाटी डोक्यावर घ्यायची नाही तर खायचं काय, हे डॉक्टरने सांगितलं नाही. एकाचा हात गेलेला, दुसरीचा जायच्या वाटेवर. सगुणा पट्टा बांधून मार्केटात जात राहिली.

नेमकं त्याच महिन्यात किनाऱ्यावरच्या एका बंगल्यात सिनेमावाले उतरले. मढला ते नवीन नव्हतं. बंगले शूटिंगला देणं हा तिथल्या मालकांचा धंदाच. पण या खेपेला सेट लावणारा माणूस कोळीवाड्यात धर्माचं घर विचारत आला. चंद्रप्रकाश त्याचं नाव, राहणार बोरीवली, चष्मा, खांद्याला झोळी. सिनेमात जपानचा भाग होता. दर्यातलं एक बेट, तिथे कुणी जायचं नाही, आणि खलनायक नेमका तिथेच सोनं लपवतो. किनाऱ्यावर त्याचा देखावा उभा करायचा होता.

"धर्माभाऊ, तुम्ही तिथे प्रत्यक्ष गेलायत म्हणे. यार, अख्ख्या मुंबईत असा दुसरा माणूस नाही मिळायचा," तो म्हणाला. मग सगुणाच्या मानेच्या पट्ट्याकडे पाहून थांबला आणि खरं काम सांगितलं. बंगल्याचा मालकच सिनेमाला पैसा लावत होता. बंगल्याला कायमचा केअरटेकर हवा होता. मागच्या बाजूला दोन खोल्या, महिन्याचा पगार, बायकोलाही हलकं काम. मालकाला म्हणे हा बेटावर गेलेला माणूस फार आवडला होता. "तुम्ही आम्हाला नीट माहिती दिलीत की जागा तुमची. त्यांनी मला तसं सांगितलंय."

सगुणाने त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी निवांत जेवण केलं. पाटी उतरणार होती. तिने मनात मार्केटातली जागा कमळच्या सुनेला देऊनही टाकली.

रविवारी सकाळी दोघं बंगल्यावर गेली. ओसरीवर मोठं टेबल, त्यावर कागद, पेन्सिली आणि एक जाडजूड फोटोंचं पुस्तक. चंद्रप्रकाशने पुस्तक उघडलं आणि धर्माचा चेहराच बदलला. "ह्यो बघ धक्का. ह्याच्या माग खानावळ," तो सगुणाला दाखवू लागला. "ह्ये मोठा देवूल." तिने पाहिलं. उंच झाडांत लाकडाचं, उताराच्या छपराचं देऊळ. रंगरंगोटी नाही, घंटांची रांग नाही, धर्मा सांगे तसंच. म्हणजे हे तरी खरं होतं.

पुढच्या पानावर दुसरं बेट होतं. दर्याकडे तोंड करून बांधलेलं छोटंसं देऊळ, मागे नुसतं पाणी. "इकरना बायका हात जोडतान," धर्मा म्हणाला. "तिसरी बहीन दिसत नाय, लय लांब. आभाळ साफ असला तर कवातरी दिसते. पन इकरना जोडलेले हात तिला पोचतान, असा मानतान." सगुणा त्या चित्राकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली.

धर्मा दोन तास बोलला. होड्यांवरचे बावटे कसे, पुजाऱ्याच्या डोक्यावरची टोपी कशी, दोर कसा वळतात, पायऱ्यांचे दगड कसे. चंद्रप्रकाश चित्रं काढत होता, झकास, झकास म्हणत होता. मग त्याने शेवटचं पान उघडलं. लांबून घेतलेला एकच फोटो : दर्यातून वर आलेला हिरवा डोंगर.

"आता हे. आतलं काही कुठे मिळत नाही. उतरलात, आंघोळ केलीत. पुढे?"

"पुढचा सांगाचा नाय."

चंद्रप्रकाश हसला. त्याला वाटलं, हा गडी रंगात आलाय. "अहो, इथे कोण ऐकतंय? जपान कुठे, मढ कुठे."

"नाय."

"फक्त देऊळ केवढं ते सांगा. झाडं? दगड? बाकीचं मी जमवतो."

"तुमी जमवा. मना विचारू नका."

आता चंद्रप्रकाशही गंभीर झाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने पेन्सिल खाली ठेवली. "धर्माभाऊ, मी मालकाला सांगून ठेवलंय. त्यांना ती एकच गोष्ट हवीय. ती नाही मिळाली तर मी कोणत्या तोंडाने तुमचं नाव पुढे करू? वहिनींच्या मानेचं बघा जरा."

धर्माने सगुणाकडे पाहिलं. तिच्या गळ्यातला पट्टा पाहिला. त्याचे डोळे भरून आले हे तिला स्पष्ट दिसलं. त्याची वाकडी मूठ टेबलाच्या कडेवर तशीच अर्धवट आवळलेली राहिली.

"दर्यात उभा राहून शबूद दिलाय, सायेब," तो म्हणाला. "नाय जमनार."

तो उठला. सगुणाही उठली. पुस्तक उघडंच राहिलं.

किनाऱ्याच्या वाटेने दोघं परत निघाली. बोंबील वाळत टाकलेल्या बांबूच्या वलांडींपाशी येईपर्यंत सगुणाच्या डोक्यात नुसता संताप होता. दोन खोल्या गेल्या, पगार गेला, उद्या पुन्हा पाटी. ती थांबली आणि तोंडात येईल ते बोलली.

"अरे, नसल सांगाचा तर थाप मारायची व्हतीस. सगळ्या जन्मात दुसरा काय केलास? बोलाचा, सोन्याचा देवूल हाय. बोलाचा, दगडाची बाई हाय, तिला दहा हात हान. त्याला कवा कलला असता? आपल्याला जागा भेटली असती."

धर्मा वलांडीच्या बांबूला टेकला. "इचार आला मना," तो म्हणाला. "दोन येला तोंडान आला. पन तिकरचा खोटापन नाय बोलवत गो."

सगुणा काही बोलणार होती, ती तशीच उभी राहिली. वीस आणि तीन वर्षं ती या माणसाबरोबर राहत होती. ज्या दिवशी घरी यायला उशीर होई त्या दिवशीची थाप त्याच्याकडे तयार असे. गुत्त्यात बसला तर मामलेदाराने बोलावलं होतं म्हणे. जपानात त्याने बाई ठेवली असती, तर त्या दिवसाची गोष्ट त्याने अशी रंगवली असती की कोळीवाडा महिनाभर ऐकत बसला असता, आणि सगुणाला शंकासुद्धा आली नसती. लपवायचं असतं तेव्हा धर्मा बोलतो. गप्प बसून संशय अंगावर घेणं, बायको तुटत चालली तरी गप्प बसणं, समोरची नोकरी जाऊ देणं, हे लपवणाऱ्याचं काम नव्हतं. इतकी साधी गोष्ट कळायला तिला तीन वर्षं लागली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"तिकरं बाई नव्हती," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

धर्मा गोंधळला. "बाई? अगो, सांगितला ना, तिकरं बायकांना बंदी हाय." मग हळूहळू त्याला तिच्या बोलण्याचा अर्थ लागला. तीन वर्षं जेवताना ती समोर का बसत नव्हती, तेही उमगलं. तो मटकन वाळूत बसला आणि लहान मुलासारखा रडला. सगुणा शेजारी बसली. रडू दिलं त्याला.

घरी आल्यावर तिने पेटी उघडली, लुगड्यांच्या तळातून लाल पिशवी काढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. उसवलेली बाजू वर. "मी उघडली," ती म्हणाली. "कागद हाय आत. मना वाटला चिठ्ठी हाय."

धर्माने कागद बाहेर काढला नाही. पिशवी उलटी केली, सुलटी केली, आणि जाळ्याची बारीक सुई शोधायला उठला. सुई धरायला त्याचा उजवा हात चालत नव्हता, म्हणून पिशवी त्याने धरली आणि शिवली सगुणाने, जाळ्याच्या निळ्या नायलॉनने, जाळ्याच्याच गाठी मारून. लाल रेशमावर ती शिवण फार वाईट दिसत होती. पिशवी तिने गळ्यात, पट्ट्याच्या आत अडकवली.

पाटी उतरली नाही. धर्माने वाकड्या हाताला दोरी बांधून एक जुनी हातगाडी ओढायची सवय केली. मढच्या थांब्यापर्यंत मासळी गाडीवर, पुढे बसमधून, बोरीवलीला हमाल. सगुणाच्या डोक्यावर थोडं येई, सगळं येत नसे. मान तिची कधी पुरती बरी झाली नाही. बंगल्यावर दुसरा माणूस लागला. किनाऱ्यावर सिनेमावाल्यांनी प्लास्टरचा सोनेरी देव आणि धूर सोडणारी गुहा असं काहीतरी उभं केलं, आठ दिवस नाच झाला आणि भरतीने अर्धं वाहून नेलं.

त्या आठवड्यात मार्केटात गिऱ्हाईक मंद होतं. कमळला बंगल्यावरची हकिगत कळली होती, अर्थात अर्धीच. पाटीतला बारीक कोलीम चिवडत ती सगुणाकडे सरकली.

"नोकरी घालवलान म्हनं तुज्या घोवान. एवढा काय हाय गो त्या बेटाव? तुला तरी सांगला असेलच."

सगुणाने सुरमईचं पोट फाडलं, घाण काढून पाण्यात हात बुडवले. तिला त्या बेटावरचं काहीही ठाऊक नव्हतं. धर्माने तिला सांगितलं नव्हतं, आणि त्या रविवारनंतर तिनेही विचारलं नव्हतं.

"सांगाचा नाय," ती म्हणाली आणि दुसरी सुरमई ओढली.